तीन कंगोरे

४ मार्च
झाले एकदाचे! चाळीस दंडुके कातून, घासून, तेल पाजून तयार. पोलीस ठाण्याची गाडी घेऊन जावईबापू स्वतःच आले होते. एक हातात फिरवून म्हणाले, "बाबा, सरळसोट करा म्हटलं होतं. हे काय दागिने घातलेत?"
टोकाशी तीन कंगोरे काढले ना मी! पलंगाचा खूर असो की पाळण्याचा दांडा, माझ्या लेथवरून उतरला की तीन कंगोरे असायचेच. शाळेने मला चौथीत सोडलं, तेव्हा सही म्हणाल तर हीच.
जावईबापू म्हणाले, हातात काठी दिसली की गर्दी आपोआप मागे सरते, मारायची वेळच येत नाही. पटलं मला.
ही चहा देता देता पुटपुटली, "काठी ती काठीच." मी हसण्यावारी नेलं.

११ मार्च
चष्म्याची दांडी लोंबतेय. उद्या कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे जायला हवं. मागच्या खेपेला म्हणाला होता, "काका, चष्मा ठणठणीत आहे, नाक बदला!" वर्षानुवर्षं मी करून दिलेल्या स्टुलावर बसतो आणि मलाच टोमणे मारतो, लबाड!

१२ मार्च
चष्मेवाला नाही. टेबल नाही. स्टूल तेवढं उलटं पडलेलं. शेजारचा चांभार आजूबाजूला बघत सांगू लागला – काल पोलीस टेबलं उचलायला आले. हा म्हणाला, आधी पावती द्या, मग उचला. झालं! यालाच उचलून ठाण्यात नेलं.
चष्म्याला दोरा बांधून घरी आलो.

१४ मार्च
लिहवत नाही. तरी लिहितो.
चष्मेवाल्याला इस्पितळात हलवलंय असं कळलं, गेलो होतो. पालथा पडलाय. गुडघ्याला प्लास्टर. त्याची बायको म्हणाली, "ठाण्याच्या न्हाणीघरात घसरले म्हणे. घसरलेल्या माणसाची पाठ अशी होते का, काका?" आणि तिने सदरा वर केला.
निळ्याकाळ्या पट्ट्यांचं जाळं. आणि प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी तीन आडव्या रेघा. पहिल्या दोन रेघांत बोटभर अंतर, तिसरी अर्ध्या बोटावर. डोळे मिटूनही ओळखल्या असत्या.
तेवढ्यात डॉक्टर आले. "या रेघा कशाने उमटल्या असतील?" ती बिचारी म्हणाली, "आमच्या काकांना विचारा. कशाला कसा कंगोरा असतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. डोळ्यांपुढे धाकटी लेक आली. जावई आले. आणि मी म्हणालो –
"नळाची चावी असेल. जुन्या नळांच्या चावीला असे कंगोरे असतात."
डॉक्टरांनी लिहून घेतलं! चष्मेवाल्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

१५ मार्च
हिने दोनदा विचारलं, काय झालं. दोनदा म्हणालो, काही नाही.

१७ मार्च
जावईबापू आले. धाकटी आत गेल्यावर विचारलंच.
"मी हात लावला नाही, बाबा. शपथ!"
"मग कुठे होतात तुम्ही?"
बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसले. "दाराशी. साहेब म्हणाले, दार ओढून धर. आवाज बाहेर जात होता."
त्यांनी दार धरलं. दंडुका माझा होता.
निघताना वर म्हणाले, "नळाचं बोललात ते फार बरं केलंत. साहेब खूश आहेत. आणखी साठ करायला सांगितलेत. असेच, कंगोऱ्यांसकट."
असं कौतुक कुणाच्या वाट्याला न येवो.

१९ मार्च
अंगणात साठ दंडुक्यांचं लाकूड येऊन पडलंय. लेथचा पट्टा तुटलाय म्हणून सांगितलं. हेही खोटंच. खोट्याची सवय फार लवकर लागते.

२५ मार्च
चष्मेवाल्याला घरी सोडलं. त्याची बायको आली होती. दोन तारखेला चौकशी आहे, बाहेरून कुणी मोठ्या बाई येणार आहेत. "पण डॉक्टरांच्या कागदावर नळ आहे, काका. तो नळ सगळ्याला आडवा आलाय. उलट पोलिसांची बदनामी केली म्हणून यांनाच आत टाकतील."
मी खाली मान घालून भुसा झाडत बसलो.
जाताना म्हणाली, "गुडघा आता वाकायचा नाही. टेकायला काठी हवीय. काकांनाच सांग म्हणाले."

३१ मार्च
लेथ सुरू केला. लाकूड फिरायला लागलं, पटाशी टोकाशी गेली आणि हाताने आपलं आपण काढले – एक, दोन, तीन! यंत्र बंद करून तिथेच बसलो. म्हातारा माणूस भुशात बसून रडतोय! ही दाराशी आली, बघून परत गेली.
दुसरी काठी केली. शेवटपर्यंत गुळगुळीत.

१ एप्रिल
काठी दिली. त्याने वरपासून तळवा फिरवत नेला आणि टोकाशी थांबला.
"या वेळी नाहीत, काका."
माझ्या तीन कंगोऱ्यांच्या स्टुलावर इतकी वर्षं बसतो तो. त्याला नाही कळणार?
"मग डॉक्टरांपुढे बोलला का नाहीस?"
"तुम्ही बोलाल असं वाटलं. नंतर तुम्हाला खोटं पाडायचं जिवावर आलं."
मग म्हणाला, "आणा तो चष्मा इकडे. दोरा काय बांधताय!" उशाखालून पेचकस काढला, पडल्यापडल्या दांडी बसवून दिली.

२ एप्रिल
परवा टाकून दिलेली ती पहिली काठी वर्तमानपत्रात गुंडाळली. चौकशी अकराला.
ही दारात उभी. "अहो, धाकटीला काय सांगू?"
"सांग, त्या नळाला कंगोरे नव्हते."
चप्पल हिनेच पुढे सरकवली.