अर्ध्या उंचीची भिंत

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
राहुरीत ताईच्या घराचं काम सुरू झालं. खाली मोकळी जागा, दाजींच्या टेम्पोसाठी. वर दोन खोल्या. ताई, दाजी आणि चार वर्षांची एंजल तिथे राहणार. वर भिंतींचं वजन, खाली नुसते खांब. भूकंपात असं घर गुडघ्यात मोडतं. मला हे माहीत आहे. सिव्हिलचा डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षी थांबवला, सोडलेला नाही. पुस्तक जवळ आहे.
संकल्प : खाली दोन बाजूंना पूर्ण उंचीची भिंत घ्यायला लावणे. दाजींना आजच सांगणार.

संध्याकाळी ६
दाजी उपाशी होते. उद्या.

४ फेब्रुवारी
दाजी जेवलेले होते. त्यांना झोप आली होती.

७ फेब्रुवारी
कानिफनाथ मिस्त्री खांबांच्या सळयांभोवतीच्या रिंगा काटकोनात वाकवतात. टोकं आणखी आत वळायला हवीत, एकशे पस्तीस अंश. नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते. सांगितलं. ते म्हणाले, "इंजिनियर, येवढं वळवत बसलो तर तुमचा ईस्टर हितंच करावा लागंल."
मी स्वतः एक रिंग केली. पाऊण तास लागला. कंपासपेटीतल्या कोनमापकाने तपासली. नमुना म्हणून टांगली. आता बघून करतील.

२२ फेब्रुवारी, शनिवार
स्लॅब पडला. सगळ्यांना जिलेबी. माझ्या रिंगेला दिवसभर चहाची किटली लटकवली होती. रिंग उघडली नाही.
बाकीच्या रिंगा काँक्रीटमध्ये गेल्या. काटकोनातच.
भिंतीचं अजून हातात आहे.

१७ मार्च, सोमवार
आज सांगितलं. स्पष्ट. दाजी म्हणाले, "मग टेम्पोचा बाजूचा फाळका कुठं पाडू, पाव्हनं? का जिन्यानं वर न्हेऊ टेम्पो?" ताई म्हणाली, "दान्या, तुझ्या भूकंपाला आधी तारीख विचारून ये."
मी जागेवर मधला मार्ग काढला. भिंत अर्ध्या उंचीची. फाळका तिच्यावरून आरामात पडतो. सगळ्यांना पटलं. दाजींनी पाठ थोपटली.
माझं पहिलं डिझाईन.

१८ मार्च
पुस्तक उघडलं. अर्धी भिंत खांबाला खालून धरून ठेवते. सगळा हिसका वरच्या उघड्या तुकड्यावर येतो. तो तुकडा आधी तुटतो. म्हणजे भिंत अजिबात नसती तर बरं. परत वाचलं. तेच लिहिलं आहे.
उद्या वीटकाम. त्याआधी सांगणे. आठ वाजता.

१९ मार्च. सकाळी ८.००
मिस्त्री सातलाच आले होते. तीन थर झाले होते. लाइन सरळ आहे ना, एवढंच विचारलं. "वळंब्यात हाय," म्हणाले. सरळ होती.

२३ मार्च, रविवार
चर्चमधल्या उपासनेहून सगळे घर बघायला आले. एंजल भिंतीवर पाय सोडून बसली होती. ताई प्रत्येकाला सांगत होती, "ही भिंत आमच्या दानीएलच्या डोक्यातली. भूकंपासाठी हाय." मी जिन्याजवळ उभा होतो. काही वाटलं नाही.
समोरच्या रंगुबाईंचं घरही खांबांवर आहे. त्या म्हणाल्या, "लेकरा, आमाला बी तसलीच कागदावर काढून दे. माजी नातवंडं वरच झोपत्यात."
काढून दिली. मापं दोनदा तपासली. वर 'भूकंपरोधक भिंत' असं लिहिलं. शुद्धलेखन बरोबर आहे.