न्हाणीतला दांडा

३ नोव्हेंबर, टेंभुर्णी
शाळेतून आले तर हे न्हाणीत खालीच बसलेले. पाणी गार. लकव्यानं डावी बाजू गेली, तरी मला हाक मारायची नाही. उठवायला गेले तर, "बायकोच्या खांद्याला लटकून न्हाऊ का?" लकवा अंगाला झाला, तोऱ्याला नाही. धरायला भिंतीत दांडा लावायचा. पूर्वी घरातला प्रत्येक खिळा ह्यांनी ठोकला, आता मीच.

५ नोव्हें.
स्टीलचा दांडा घेतला. दुकानदार म्हणे, स्क्रू कोणते? म्हटलं, घट्ट बसतील ते. हसला. प्लास्टिकच्या गिट्ट्यांसकट दिले. शाळेच्या शिपायाची ड्रिल आणली. वर टाइल, मागं बोटभर सिमेंट, मग नुसती पांढरी माती. स्क्रू फिरेनात, शेवटी हातोडीनं ठोकले, सगळे ठोकतात तसे. दिसायला झकास.

६ नोव्हें.
आधी मीच लोंबकळून पाहिलं, नशीब. दांडा स्क्रूंसकट हातात, मांडी काळीनिळी. हे दारातून, "भिंत मातीची हाय. स्क्रू कशाला धरंल?"
आधी सांगायला काय झालं होतं?
"इचारलं व्हतं का?"
नळ सोडून न्हाणीतच रडून घेतलं.

९ नोव्हें.
आणखी लांब स्क्रू, लाकडी गिट्ट्या. तीच गत. ओंजळभर माती पडली. शाळा, स्वयंपाक, मालिश, गोळ्या, वर हा दांडा. कंटाळले. जेवलीस का, असं विचारणारं कोणी...

१० नोव्हें.
जेवताना ह्यांनीच काढलं, एकेक शब्द जुळवत. "आरपार बोल्ट. मागून... लोखंडी पट्टी. नट."
भिंतीमागं भास्कर भावजींचं स्वयंपाकघर. ह्यांचा धाकटा भाऊ. वाटणी झाली तेव्हा त्यांना तिथं फळी लावायची होती. हे गरजले, "भिंत माझ्या वाट्याची हाय. एक खिळा लागला तर बघ." तेव्हापासून भावाभावांत अवाक्षर नाही. आणि आता आम्हालाच भोक पाडायचंय. दुसरी भिंत चालत नाही, ह्यांचा चांगला हात त्याच बाजूला येतो.
म्हटलं, तुम्ही बोलता का भावजींशी? ताट सरकवून उठायला लागले. उठता येईना. मीच उठवलं.

१२ नोव्हें.
सुनंदा, धाकटी जाऊ, नळावर भेटली. आमचं दोघींचं चोरून चालूच असतं. सांगितलं. "इचारते ताई, पण ते काय बोलतेन..."

१४ नोव्हें.
उत्तर नाही. ह्यांनी कालपासून आंघोळ केली नाही. "थंडी हाय." कसली थंडी! पडायची भीती वाटते, हे मेले तरी म्हणणार नाहीत. मला ह्यांची दया येते आणि रागही येतो, एकदमच.
तरी सामान आणून ठेवलं. चौकटीपाशी जाडी मोजली, दीड फूट. एवढा बोल्ट कुठला मिळायला? आट्यांचा लांब गज घेतला, दोन तुकडे कापून. पट्टी, वायसर, नट.

१६ नोव्हें., रविवार
सकाळी सुनंदा दारात. "बोलले काहीच न्हाई. पण उठल्यापासून त्या भिंतीजवळची भांडी काढून राह्यलेत. तुम्ही जल्दी पाडून घ्या." पट्टी, नट अन् एक पाना तिच्या हाती दिला.
दुपारी दोन्ही भोकं पाडली. हे दारात खुर्चीवर. गज पलीकडं निघाला. इकडून नट पिळायला लागले तर अख्खा गजच फिरतो. मी ओरडले, "सुनंदा, पलीकडून पाना लाव गं! धर बराबर!"
गज थांबला. जागचा हलेना. पहिला आवळला, दुसरा आवळला, घामाघूम झाले. एवढ्यात मागून, "झालं का ताई?" सुनंदा आमच्याच दारात, डोक्यावर पिठाचा डबा. "मी तर दळणाला गेल्ते."
ह्यांनी ऐकलं. भिंतीकडं बघत राहिले.
मग न्हाणीत नेऊन बसवलं. चांगल्या हातानं दांडा धरला, ओढला. हलला नाही. पलीकडं काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, पाना असेल.
"उठून बघा," म्हटलं.
"थांब जरा."
दांडा सोडला नाही. उठलेही नाहीत. ओठ हलत होते, शब्द जुळवत असावेत. पाणी गार झालं, परत तापायला ठेवलंय.