एकोणीस सेकंदांची क्लिप

४ मार्च, मंगळवार. सकाळी.
आजपासून नवीन वही, नवीन माणूस. (जुनीत 'रोज गिटार' असं लिहून तीन दिवसांची प्रगती होती. फेकली.) ठराव: नेटवर कुणालाही टोचून बोलायचं नाही. दुसरा बोलला तर अडवायचं. दयाळू व्हायचं, आणि तेही लगेच.
त्याचं कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही वाचणार कोण? शेजारच्या घड्याळवाल्या काकांची ती क्लिप मी केली.

दुपारी, कामावर, झेरॉक्सच्या दुकानात. मशीन अडकलंय.
म्हणजे मुद्दाम नाही केली. काकांकडे घड्याळं दुरुस्तीला येईनात, म्हणून ते व्हिडिओ करायला लागले. शूटिंग माझ्याकडे, जेवणाच्या सुट्टीत. काका बोलता बोलता स्क्रू बसवतात आणि तो बसेपर्यंत नुसतं "हं…" म्हणतात, जीभ जराशी बाहेर. साधा सेल बदलायचा व्हिडिओ सात वेळा काढायला लावला. मला भूक लागली होती. भुकेल्या माणसाने एडिटिंग करू नये. सगळे "हं" एकाला एक जोडले, मागे रडकं संगीत, एकोणीस सेकंद. खोट्या नावाने टाकली. वाटलं, दहाजण बघतील.
आठ हजार.
एडिटिंग चांगलं झालंय, हे मात्र मान्य करावंच लागेल.

५ मार्च.
लोक काकांच्या दुकानात डोकं घालून "हं…" करतात आणि पळतात. चांगली टाय लावलेली माणसं! काकांनी व्हिडिओ बंद केले. आज विचारत होते, कोणी केलं असेल रे हे? मी म्हणालो, असतात काका एकेक विकृत लोक. ते म्हणाले, तू आहेस म्हणून बरं. जेवण गेलं नाही. निम्मंच गेलं.

६ मार्च, गुरुवार.
मोहीम सुरू! आमच्या रस्त्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर (दोनशे बारा सदस्य, त्यातले दोनशे गुड मॉर्निंगवाले) मोठा मेसेज टाकला. 'एका कष्टाळू माणसाला हसताना लाज वाटत नाही? आज काका, उद्या तुम्ही.' एकसष्ट बदाम. अॅडमिन म्हणाले, तरुण असावेत तर असे. ओघात शेवटी 'दोषी कोण हे शोधायलाच हवं' असंही लिहून गेलो. वाक्याला वजन येतं म्हणून.
ताईला दाखवलं. मी तिच्याच घरी राहतो, तात्पुरता, दोन वर्षं. ती म्हणाली, तू आणि दयाळू? काल कुरिअरवाल्याला काय काय बोललास! म्हटलं, ताई, ते ऑफलाइन होतं.

८ मार्च.
शोधलं की लोकांनी! ग्रुपवर क्लिप पहिल्यांदा आली ती मेडिकलवाल्या बाईंकडून. आता सगळे म्हणतात, तिनेच केली असणार. कोपऱ्यावरचं तिचं दुकान, एकटी चालवते. गोळ्या देताना 'जेवणानंतर' हे तीनदा सांगते. ती क्लिप करेल? तिला फोनचा आवाज कमी करता येत नाही.
गैरसमज आपोआप निवळेल. दोन दिवस देऊ.

९ मार्च, रविवार.
निवळला नाही. 'औषधं देते की विष?' 'तोंड बघा, आणि म्हणे सेवा.' दुकानाला नेटवर सतरा जणांनी एकच तारा दिला. त्यातले काहीजण दुसऱ्या शहरातले. मी हस्तक्षेप केला. लिहिलं, 'कृपया सभ्य भाषेत सुनवा.' तेहतीस बदाम.
पोटात काहीतरी होतंय. अॅसिडिटी असेल.

११ मार्च.
अॅसिडिटीची गोळी आणायला गेलो. दुसरं मेडिकल लांब आहे. बाई काउंटरमागे फोन पालथा ठेवून बसलेल्या. म्हणाल्या, तूच ना रे तो चांगलं लिहिणारा? मग मला एक सांग, मी काय केलं? आली, हसले, पुढे पाठवली. सगळे पाठवतात. माझ्या बोटांना कुठे कळतं ते कुणाचा तरी जीव जाळतंय?
मी म्हणालो, हो ना. एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, जेवणानंतर घे हं. जेवणानंतर. आणि दारापर्यंत गेलो तर पुन्हा, जेवणानंतर.

१२ मार्च.
ठरलं. कबुली देणार. सकाळी मसुदा केला: 'ती क्लिप मी केली.' फार कोरडं वाटलं. मग 'काही अपरिहार्य कारणांमुळे ती क्लिप माझ्याकडून झाली.' पाणीपुरवठा बंदची सूचना वाटली. माफी कशी मागावी याचे व्हिडिओ बघायला बसलो. तिथून ऑक्टोपसवर गेलो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. माझं एकच आहे आणि तेही आज नीट चालत नाही. संध्याकाळ झाली.

१३ मार्च.
बाई ग्रुपमधून बाहेर पडल्या. खाली कुणीतरी टाळ्या टाकल्या. ताई सांगत होती, दुकान भावाच्या ताब्यात देऊन त्या इथून जायचं म्हणतायत. एकोणीस वर्षं चालवलंय म्हणे. म्हणजे माझ्या एका सेकंदाला त्यांचं एक वर्ष.
हा हिशोब उगाच केला.

१४ मार्च, शुक्रवार. ११.२०.
टाकलं! डोळे मिटून. 'ती क्लिप मी केली. बाईंचा काही संबंध नाही. चूक माझी.' आता जे होईल ते होवो.

१२.०५.
दोनशे बदाम.
अॅडमिन: 'दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायला केवढं मोठं मन लागतं!' कुणीतरी: 'आता तरी त्या बाईला लाज वाटू दे.' मी लिहिलं, अहो नाही, खरंच मीच. त्यावर आणखी चाळीस. काकांचा मेसेज आला: 'पोरा, असलं पाप स्वतःच्या नावावर घेऊ नये. तू माझे व्हिडिओ काढायचास, तू असं करणार नाहीस, मला माहीत आहे.'
क्लिप जोडली त्या एडिटिंगच्या मूळ फायली अजून माझ्या फोनमध्ये आहेत. एक टाकली की प्रश्न मिटतो. टाकतोच. जेवून.

संध्याकाळी.
ताईने आयुष्यात पहिल्यांदा माझा शर्ट इस्त्री केला. म्हणाली, आई असती तर रडली असती. फायली टाकायच्या राहिल्या.

१५ मार्च, शनिवार.
सरळ बाईंनाच सांगायचं ठरवून गेलो. इस्त्रीचा शर्ट मुद्दाम घातला नाही. बाई मला बघून बाहेरच आल्या, माझा हात धरला. म्हणाल्या, माझ्यासाठी स्वतःचं नाव खराब केलंस रे. म्हटलं, बाई, ती क्लिप मीच केली. त्या म्हणाल्या, कळलं, कळलं, किती वेळा म्हणशील? म्हटलं, आईशपथ मी. त्यांना रडूच आलं.
मग डोळे पुसून म्हणाल्या, तुझ्याकडे बघून मलाही धीर आलाय. जायच्या आधी काकांची माफी मागणार आहे, सगळ्यांसमोर, व्हिडिओवर. पुढे पाठवली ती पाठवलीच ना मी. उद्या काकांच्या दुकानात ये. शूटिंग तूच कर.
फोन खिशात होता. फायली फोनमध्ये होत्या. समोर बाई होत्या, वाट बघत.
मी एवढंच विचारलं, आडवा काढायचा की उभा?