फ्रिजमधला कॉम्प्युटर

१९ मे, सौंसर

पुन्हा बंद पडला! ऊन चढलं की कॉम्प्युटर तापतो आणि बसतो. कूलरसमोर ठेवला, टेबलफॅन लावला – काही फरक नाही. मोहगावच्या लग्नाची फिल्म अर्धीच एडिट झालीय. पांढुर्ण्याच्या स्टुडिओवाल्या शुभमचा फोन – "ताई, येत्या रविवारी नाही जमलं तं काम दुसऱ्याले देतो."

हे घरबसल्या काम गेलं की मला नागपूरला नोकरी शोधावी लागणार. आणि इथे आई एकटी – तिची शुगर, तिची इंजेक्शनं. विचारच नको.

२० मे

फ्रिज रिकामा केला. दूध, भाजी शेजारच्या अश्विनीकडे. सीपीयूचा डबा आत बसवला, वायरी दाराच्या रबरातून बाहेर काढल्या, दार ओढणीने बांधलं. आईची इन्सुलिनची बाटली तेवढी दाराच्या कप्प्यात राहू दिली, तिला थंडच लागतं. आई बघत होती. "थंडी वाजन त्याले. स्वेटर घाल एखादं."

दुपारभर चालला. हसा म्हणावं!

२२ मे

फ्रिजची मोटर थांबतच नाही. आत हात घातला – कोमट. कॉम्प्युटर पुन्हा बंद. रडून घेतलं.

२३ मे

अश्विनीकडून बर्फ आणला, पातेल्यात घालून डब्याशेजारी ठेवला. तासभर चालतो, मग पुन्हा बर्फ. आईने थंड पाणी मागितलं. म्हटलं, बर्फ कामाचा आहे, माठातलं पी. जरा चिडूनच. तिने तांब्या संपवला, आणखी एक मागितला. उन्हाळाच तसा आहे म्हणा.

२४ मे

नवरीची हळद संपता संपत नाही. डोळे फुटायची वेळ आली. आई दिवसभर पडून. विचारलं तर म्हणते, "उन्हानं होते वं. तू आपलं काम कर."

होणार नाही हे माझ्याने.

२६ मे

फिल्म पाठवली! शुभम खूश. रामाकोन्याचं लग्नही मलाच देतो म्हणाला. नागपूरला जायला नको!

हे सांगायला आईला उठवलं. ती नीट उठेना.

२७ मे, नागपूर, दवाखाना

शुगर पाचशेच्या वर. डॉक्टरांनी विचारलं, इन्सुलिन थंड जागेत ठेवता ना? मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली, डोळे न उघडता – "हो जी, फ्रिजातच तं हाय."

ती कोमट बाटली रोज सकाळी तिच्याच हातात होती.