क्षमावाणीनंतरची तारीख

॥ श्री वीतरागाय नमः ॥

सातारा, ६ सप्टेंबर १९९४

चि. सौ. राजमती हिस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकीच्या हाताचं प्लास्टर काल निघालं. हात बारीक दिसतो, पण मूठ नीट मिटते. आज श्रद्धाने हट्टाने भाकरी केली. एकीकडे जाड, दुसरीकडे जाळी. मी मुकाट्याने दोन खाल्ल्या, यावरून माझं प्रेम ओळख.

गोमटेश तुमच्या भांड्यांच्या दुकानात येऊन, बायकोला पाठवलं नाही तर सासऱ्याला रस्त्यात गाठीन, असं गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, हे मी दोनदा वाचलं. जावई म्हणून गप्प बसू नका. छळाची तक्रार श्रद्धाने केलीच आहे, पण कायद्यात तुमच्यासाठीही सोय आहे. इथल्या वकीलबाई सांगतात की पोलिसांत लेखी द्यायचं. मग तहसील कचेरीत बोलावून त्याच्याकडून शांततेच्या हमीचा बाँड घेतात. श्रद्धाला सांगलीला यायचं आहे गं, रोज म्हणते. पण आपल्यापायी बाबांवर हात पडेल, ही भीती तिला सोडत नाही.

आपण होस्टेलमध्ये होतो तेव्हा कोणी तुझ्या पायावर पाय दिला तरी तूच आधी सॉरी म्हणायचीस आणि वॉर्डन सिस्टर हसायच्या. आता तेवढं करू नकोस. तुझ्या यजमानांना, कल्लाप्पांना, जयजिनेंद्र.

तुझी,
गुणमालाअक्का

सांगली, २२ सप्टेंबर १९९४

ती. अक्कास,
राजमतीचा शि. सा. नमस्कार.

तू सांगितलंस तसं पोलिसांत लेखी दिलं. गोमटेशला नोटीस गेली, अठरा ऑक्टोबरची तारीखही पडली. आणि मग आमच्या हातून घोटाळा झाला.

पर्युषण संपल्यावर परवा क्षमावाणीला आम्ही बस्तीत दर्शनाला गेलो होतो. अभिषेक झाल्यावर सगळे एकमेकांना उत्तम क्षमा म्हणत होते, तेवढ्यात गोमटेश आईवडिलांना घेऊन समोर आला आणि हात जोडून वाकला. ह्यांनीही हात जोडले, आमचीही क्षमा म्हणाले. त्या दिवशी हात खाली कोण ठेवील, अक्का? वर्षभर न बोलणारे भाऊसुद्धा त्या दिवशी बोलतात.

आता त्यांचा वकील म्हणतो की सगळ्यांदेखत समेट झाला, साक्षीला बस्तीतले दोन पंच आहेत, बाँडची गरजच काय. वर निरोप आला की दिवाळीआधी मुलीला पाठवा. शेजारच्या भामाबाई तर पदर सावरत सांगून गेल्या की आवं, एवढा वाकला की पोरगा, आता पोरीची ओटी भरा आन् लावून द्या. हे धड जेवत नाहीत. देवासमोर क्षमा म्हटली ती खोटी होती असं कचेरीत सांगू का, असं मलाच विचारतात. श्रद्धाला तूच सांग, माझा धीर होत नाही.

लोभ आहेच, तो आता फार लागणार आहे.

तुझी,
राजमती

सातारा, २५ सप्टेंबर १९९४

चि. सौ. राजमती हिस,
अनेक आशीर्वाद.

श्रद्धाला पत्र वाचून दाखवलं. रडली नाही. उठून अंगणातले कपडे आत आणले, घड्या घातल्या आणि म्हणाली की तारखेला मी येणार. माझे गुडघे मेले एसटीची पायरी चढू देत नाहीत, म्हणून वकीलबाई तिच्याबरोबर येतील.

कल्लाप्पांना म्हणावं, क्षमा केलीत ते छानच केलंत. ती खोटी म्हणायची नाही. तुम्ही तुमच्या मनातला राग सोडलात, एवढंच. पुन्हा हात उचलणार नाही ही हमी त्याने द्यायची आहे, आणि ती तुम्ही त्याच्या वतीने देऊ शकत नाही. जे झालं ते तसंच तहसीलदार साहेबांना सांगा. पंचांना घाबरू नका. आणि तू नवऱ्याला जेवायला घाल.

तुमचीच,
अक्का

सांगली, १९ ऑक्टोबर १९९४

ती. गुणमालामावशीस,
श्रद्धाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र घरातून लिहिते आहे. आई सारखी काहीतरी खायला आणून ठेवते.

काल साहेबांनी बाबांना विचारलं की क्षमा केलीत हे खरं का. बाबा उभे राहिले. मग म्हणाले की खरं आहे, पुढच्या वर्षीही म्हणेन; मुंग्यांचीसुद्धा क्षमा मागतो मी, पण साखरेच्या डब्याला झाकण लावतोच. कारकून हसला. पंचांपैकी एक मान खाली घालून बसले, दुसरे पान खायला निघून गेले. वर्षभराचा बाँड झाला. दुकान, घर आणि मी, कुणाच्याही वाटेला त्याने जायचं नाही. गेला तर आत. सही करताना त्याने माझ्याकडे पाहिलं. पण मी बाबांच्या शेजारीच उभी राहिले. छळाची केस चालूच राहणार आहे.

बाहेर पडल्यावर मी तोंड धुवायला नळावर गेले, तर मागून सासूबाई आल्या. वाटलं, शिव्या देतील. त्यांनी नळाची धार मोठी केली आणि इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, असला बाँड तुझ्या सासऱ्याकडून पण लिहून घेता येतो काय गं? मामंजींचाही त्यांच्यावर हात उठतो हे मला माहीत होतं, मावशी. तीन वर्षं त्या घरात आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता स्वयंपाक करत होतो.

मी त्यांना तुझा पत्ता दिला आहे. तुला न विचारता दिला, रागावू नकोस. मागच्या खोलीतली माझी गादी इतक्यात गुंडाळून ठेवू नकोस.

माझ्यावर केलीस तशीच माया त्यांच्यावरही कर.

तुझी,
श्रद्धा