वाम टाकीत राहत नाही

अहो,

माशाच्या टाकीचं पाणी बदललं आणि एरवी दिवसभर वाळूत दडून बसणारी तुमची वाम झाकण ढकलून फरशीवर आली. दोनदा परत सोडली, पाठीचे काटे हाताला टोचून घेतले. मग झाकणावर वरवंटा ठेवला, तर काचेवर डोकं आपटायला लागली. शेवटी बादलीत टाकीतलं जुनं पाणी काढलेलं होतं, त्यात ठेवली. तिथे निवांत आहे. वर सूप झाकलंय.

टाकीत घातलं ते पाणी आज सकाळी कॉलनीच्या विहिरीतून आणलेलं. आपण पितो तेच.

शनिवारी कारखान्यातून आल्या आल्या म्हणालात, आजपासून पाणी उकळून प्यायचं. कारण विचारलं तर पेपर तोंडापुढे धरलात. मी रोज उकळतेय, तरी मुग्धाच्या उलट्या थांबत नाहीत. तिला घेऊन बेलवलीला आईकडे जातेय. स्वयंपाक केलेला नाही.

पाण्यात जे काही मिसळलंय ते उकळून जातं का, एवढं तिकडे येऊन खरं सांगा.

खिडकीतून दिसतंय, उमावहिनी विहिरीवर हंडा भरताहेत. त्यांना तुम्ही काहीच सांगितलं नसणार. मी जाता जाता सांगते, आणि तुम्हाला शनिवारीच ठाऊक होतं, तेही सांगते.

सुनेत्रा