बाण लावलेली शेगडी

भिलाई, सेक्टर एक
जानेवारी १९६०

तीर्थस्वरूप मामाजींना जावई बळीरामचा सविनय जयभीम.

इकडे मी खुशाल आहे, तिकडे तुमची कंबर खुशाल असावी. म्हैस व्याली असल्यास कळवावे. (चीक मला फार आवडतो, पण ते असो.)

पत्रास कारण की, तुमची लेक चंपा क्वार्टरातल्या चुलीच्या धुराला कंटाळून तिकडे आली, ती “बिनधुराची शेगडी आना, मंगच येतो” असं बजावूनच. मामाजी, मी मशीन शॉपचा फिटर. रोज सकाळी रशियन साहेब फळ्यावर ड्रॉइंग शिकवतात, दुभाषी ते हिंदीत सांगतो आणि मी मराठीत मान हलवतो. एवढा कारखाना आम्ही उभा करून राहिलो, तिथे शेगडीची काय कथा? म्हटलं, करायची तर ड्रॉइंग काढूनच.

ड्रॉइंग म्हणजे वस्तू एकच, पण काढायची तीनदा: समोरून, वरून आणि बाजूने. (मुलगी पाहायला आलो तेव्हा आमच्या आईनेही चंपाला असंच पाहिलं होतं.) जी कड डोळ्याला दिसते ती सलग रेघेने, आत लपलेली असेल ती तुटक रेघेने. मापाच्या रेघेला दोन्ही टोकांना बाण. आतली जाळी बाहेरून दिसत नाही, म्हणून मी शेगडीच्या पोटावर तुटक रेघा ओढल्या आणि कागद घेऊन खुर्सीपारला भैयालालकडे गेलो. हा भैयालाल जुन्या पिंपाच्या पत्र्यातून डोळे मिटून बादली करतो, पण ड्रॉइंग त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. कागद उलटासुलटा करून म्हणाला, “तीन शेगड्या कायले पाह्यजे बाबू? बाई त एकच हाय ना?”

मी त्याला एकच कर म्हणून सांगितलं, आणि वर साहेबांच्या थाटात ऐकवलं की कागदावर आहे ते सगळं आलं पाहिजे, मनाचं काही घालायचं नाही.

मामाजी, सगळं आलं. तुटक रेघेच्या तुकड्यातुकड्याला भोक पाडून शेगडीची चाळणी केली होती, आणि दोन्ही अंगांना पत्र्याचे जाड बाण रिव्हेट मारून बसवले होते. मी कपाळाला हात लावला. तो उलट माझ्यावरच तापला, “टिपके तुमीच मारले ना? मी मनानं एक बी भोक नाही पाडलं!”

सायकलवर ती वरात घेऊन घरी आलो आणि रागारागाने पेटवली. तर काय, भोकांतून असा वारा शिरला की कोळसा घडीभरात लाल झाला आणि धूर नावाला उरला! उचलायच्या कड्या ड्रॉइंगमध्ये काढायला मी विसरलो होतो, तिथे बाण कामाला आले. शेजारच्या मथुराबाईंनी डोळ्याला पदर न लावता चहा केला. मला इतका आनंद झाला की मी अंगणात एकटाच हसत सुटलो. आता आमच्या ओळीतल्या सगळ्या बायांना तशीच शेगडी हवी आहे आणि बाणाशिवाय एकीलाही चालत नाही.

तरी चंपाला हे कळवावे. सासूबाईंना जयभीम.

आपला आज्ञाधारक,
बळीराम

ता. क. शेगडीत दोष नाही. भात करपतो तो माझ्या हाताने.

ता. क. दुसरा. मामाजींना वाचता येत नाही, पत्र तूच वाचून दाखवतेस, हे मला ठाऊक आहे. तर चंपा, इथून पुढे मोठ्याने वाचू नको. तू गेल्यापासून घर खायला उठतं. रविवारच्या पॅसेंजरला मी स्टेशनावर उभा राहतो, ये. आणि बाबांनी विचारलं, गप्प का झालीस, तर सांग, पत्र संपलं.